दोह्याहून शारजाला, मस्कतमार्गे

बाबांची नोकरी दोह्यात होती आणि आमचं घर शारजात, अल नहदामध्ये. आई इथल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि मी तिच्या व्हिसावर होते. बाबा दर गुरुवारी संध्याकाळच्या विमानानं यायचे, शनिवारी रात्री परत जायचे. उड्डाण जेमतेम तासाभराचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आमचे हे दुबईतल्या अल बर्शाहून ऑफिस सुटून येईपर्यंत तुमचे दुसऱ्या देशातून येऊन जेवायला बसलेले असतात." ते खरंच होतं. आम्हाला ते दोन वेगळे देश वाटायचेच नाहीत.

शाळेतही तेच शिकवलेलं. शेजारी इराण-इराक युद्ध पेटलेलं, आखातातल्या तेलावर सगळ्यांचा डोळा, लहान देशांनी एकेकटं राहणं धोक्याचं. म्हणून १९८१ साली अबू धाबीत सहा शेजारी देशांचे राज्यकर्ते एकत्र बसले आणि त्यांनी आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. पुढे या सहा देशांच्या नागरिकांना साध्या ओळखपत्रावर एकमेकांकडे जाता येऊ लागलं, नोकरी करता येऊ लागली, घर घेता येऊ लागलं. हा परिच्छेद मला तोंडपाठ होता. आम्ही भारतीय त्यात कुठेच नव्हतो, पण या शेजारधर्माचा फायदा आम्हालाही मिळत होता. बारावीनंतर मी दोह्याच्या विद्यापीठात प्रवेश घेतला तो त्याच भरवशावर. बाबांजवळ राहायचं आणि आईची आठवण आली की तासाभरात घरी.

प्रवेशाचं पत्र २०१७च्या मे महिन्यात आलं. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी आईच्या फोनवर बाबांचा मेसेज आला : "बातम्या लाव."

सौदी, अमिरात आणि बहरीननं कतारशी संबंध तोडले होते. विमानं बंद. समुद्रमार्ग बंद. कतारच्या नागरिकांना परत जायला चौदा दिवस. आई हातात चहाचा कप धरून उभी होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो मला नाही, टीव्हीला. "म्हणजे गुरुवारी?"

त्या गुरुवारी बाबा आले नाहीत. दोह्यातल्या दुकानांत दुधाचे कप्पे रिकामे झाले होते, कारण दूध सौदीतून ट्रकनं यायचं. बाबा फोनवर "काही काळजी करू नका" एवढंच म्हणायचे. आणि आईही जास्त बोलायची नाही, कारण दोनच दिवसांत अमिरातीत जाहीर झालं की कतारबद्दल सहानुभूती दाखवणारं काही लिहिलं तर तुरुंगवास होईल. आईनं माझा फोन मागून घेतला. मी प्रवेशाचं पत्र हातात धरून काढलेला फोटो टाकला होता, पाठीमागे विद्यापीठाचं चिन्ह. तिनं तो पुसला. मग माझ्या मैत्रिणींच्या 'अभिनंदन'च्या प्रतिक्रियासुद्धा गेल्या का, ते दोनदा तपासलं.

"तू जाणार नाहीस," ती म्हणाली.

"मग काय करू? इथले प्रवेश बंद झालेत."

"भारतात जा."

"आई, मी भारतात कधी राहिलेय का?"

आठ दिवस घरात हेच चाललं. शेवटी बाबांनी तिला समजावलं की भारतीय पासपोर्टवर जायला बंदी नाही, फक्त मस्कतमार्गे जावं लागेल. ऑगस्टमध्ये मी निघाले. शारजाहून मस्कत, तिथे पाच तास बसून राहायचं, मग दोहा. तासाभराच्या वाटेला अख्खा दिवस गेला. बाबा विमानतळावर दिसले तेव्हा लक्षात आलं, त्यांची दाढी पांढरी झाली होती. अडीच महिन्यांत होत नाही तसं. बहुतेक आधीच होत आली असेल, मी बघितली नसेल.

वर्गात माझ्या शेजारी एक कतारी मुलगी बसायची. उंच, बोलताना सतत पेनचं टोपण चावणारी. पहिल्या दिवशी मी शारजाची आहे म्हटल्यावर ती इतकी वळली की तिची वही खाली पडली.

"शारजात कुठे?"

"अल नहदा."

"माझी आजी शारजात असते," ती म्हणाली. मग दोन्हीकडे बघून हळू आवाजात : "आईची आई."

तिची आई मूळची शारजाची, म्हणजे अमिराती, वडील कतारी. मुलं वडिलांच्या देशाची धरली जातात. अमिरातीनं आपल्या नागरिकांनाही कतारमधून परत बोलावलं होतं, पण आई मुलांना सोडून कशी जाणार? ती गेली असती तर परत येता आलं असतं की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं. अशा कुटुंबांसाठी अमिरातीनं मदतीचा एक फोन नंबर जाहीर केला होता. तिच्या आईला त्यावरही आपलं नाव सांगायची भीती वाटत होती. पुढे माझी मैत्रीण झालेली ही मुलगी जन्मल्यापासून दर सुट्टीत शारजाला जायची. आता मी सुट्टीत शारजाला जायचे आणि ती विचारायची, "समुद्रकाठच्या कॉर्निशवरची ती आईस्क्रीमची गाडी अजून असते?" मला फार लाज वाटायची. सहा देशांच्या त्या कुटुंबात मी पाहुणीसुद्धा नव्हते, आणि दार मला उघडं होतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीआधी ती मला वाचनालयामागे घेऊन गेली. तिच्या हातात एक लाकडी डबी होती आणि एक जाड लिफाफा.

"पोस्ट बंद आहे," ती म्हणाली. "डबीत बुखूर आहे, आईनं घरी केलेला धूप. आणि हे पत्र. आजीला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि आई फोनवर बोलतच नाही, नुसती रडते. नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच."

मी हो म्हटलं. तिचा चेहरा बघून नाही म्हणणं मला जमलं नाही, एवढंच त्याचं कारण. बाबांना मी सांगितलं नाही.

मस्कतच्या विमानतळावर बसल्यावर मला खरी भीती वाटू लागली. लिफाफा चिकटवलेला नव्हता. प्रसाधनगृहात दार लावून मी पत्र बाहेर काढलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. शाळेत नववीपर्यंत अरबी शिकले होते, पण छापील; हे हातानं लिहिलेलं, घाईघाईचं. पहिला शब्द लागला : आई. तिसऱ्या ओळीत आणखी एक लागला : कतार. त्याच्या मागचं पुढचं काहीच लागेना. कतारबद्दल काय लिहिलं असेल? कोणावर राग काढला असेल? मी जे वाचू शकत नव्हते ते घेऊन मी अशा देशात चालले होते जिथे माझ्या आईची नोकरी होती, घर होतं, व्हिसा होता. कचऱ्याची पेटी समोरच होती. मी पत्र दोनदा तिच्यावर धरलं. मग विमानाची सूचना झाली आणि मी ते परत बॅगेत घातलं. धीर होता म्हणून नाही. फेकलं तर मैत्रिणीला काय सांगायचं, ते सुचेना म्हणून.

शारजात उतरल्यावर बॅग यंत्रातून गेली आणि पांढरा पायघोळ कंदोरा घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं मला बाजूला बोलावलं.

"कुठून?"

"मस्कत."

त्यानं पासपोर्ट उलटला. "त्याआधी?"

"दोहा. शिकते तिथे."

त्यानं डबी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. मग लिफाफा. पानं काढली आणि वाचायला लागला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते उजवीकडून डावीकडे जात होते, सावकाश. तिसऱ्या ओळीवर ते थांबले की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मागच्या रांगेत कुणाचं तरी मूल रडत होतं. त्यानं पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. चारही पानं वाचली.

"कोणी दिलं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. मावशीचं, शेजाऱ्यांचं, काहीतरी. पण तोंडातून खरंच निघालं. "मैत्रिणीनं. तिच्या आजीसाठी. आजी शारजात असते."

"तू वाचलंस?"

"नाही. मला येत नाही."

त्यानं पानं पुन्हा होती त्याच घड्यांवर दुमडली, लिफाफ्यात घातली, डबीखाली ठेवली आणि बॅगेची चेन स्वतः लावली.

"मग वाचू नकोस," तो म्हणाला. "यल्ला, नीघ आता."

आई बाहेर गाडी घेऊन उभी होती. मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही. अर्ध्या वाटेत सांगून टाकलं. आईनं गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या नोकरीची अठरा वर्षं तू त्या पाकिटात घालून आणलीस. तुला कळतंय का?"

"सॉरी."

"सॉरी म्हणू नकोस. कळतंय का, ते सांग."

मी हो म्हटलं. तिनं दिवे बंद करून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाडीची किल्ली उचलली. "चल. ते घरात नको मला."

आजीचं घर शारजाच्या जुन्या वस्तीत होतं, बैठं, पुढे बोरीचं झाड. आई इंजिन चालू ठेवून गाडीतच बसली. मी बेल वाजवली. आजीच्या सुनेनं दार उघडलं. मी दोह्याहून आलेय म्हटल्याबरोबर तिनं मला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

आजी गालिच्यावर बसली होती, तोंडावर जुन्या पद्धतीचा सोनेरी बुरखा, मुखवट्यासारखा, चेहऱ्यापुरता; फक्त डोळे दिसत होते. तिच्या पिढीच्या बऱ्याच बायकांना हिंदी येतं, तसं तिलाही येत होतं. डबी तिनं उघडली नाही, नुसती नाकाशी धरून राहिली. मग विचारलं, "नात केवढी झाली?" मी उठून उभी राहिले आणि माझ्या डोक्याच्या वीतभर वर हात धरला. आजी हसली. मग सुनेला म्हणाली, वाच.

सून वाचत गेली, आजी मला मधूनमधून हिंदीत सांगत गेली. नव्या बाळाला, म्हणजे मैत्रिणीच्या धाकट्या भावाला, दोन दात आले. खुबूसची रोटी करताना पीठ नीट फुगत नाही, तू काय घालायचीस? गुडघ्याचं मलम संपलं असेल तर दादाला सांग. माझा जीव तिसऱ्या ओळीत अडकला होता. मी विचारलंच, "कतारबद्दल काय लिहिलंय?"

सुनेनं मागे जाऊन बघितलं. "यंदा कतारमध्ये पाऊस चांगला झाला."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. आजीनं तेवढ्यात विचारलं, "बाहेर गाडीत कोण आहे?" आई म्हटल्यावर तिनं सुनेला पाठवलं. आई आली ती ओढणी सारखी करत, दाराशीच बसली. आजीनं तिला कॉफी आणि खजूर दिले.

"मी मुलगी दोह्याला दिली," आजी आईला म्हणाली, "तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मनात शंकाही आली नाही. आमच्या सात अमिराती एक झाल्या, त्याच्या आधी नऊ होणार होत्या. कतार, बहरीनसुद्धा. ठरता ठरता राहिलं. नंतर सहा देशांची परिषद झाली तेव्हा नवरा म्हणाला, आता पुन्हा सगळं घरातलंच झालं. लग्नाची वरात गाड्यांनी गेली, सौदीच्या वाळूतून. रस्त्यात आम्ही जेवलो." तिनं डबी मांडीवर ठेवली. "माझ्या लेकीला उत्तर नेशील?"

प्रश्न मला होता, पण उत्तर आईनं दिलं. "नाही, अम्मा. माफ करा. कागद नाही नेणार ती."

मला वाटलं, आजी रागावेल. तिनं खजुरांचं ताट आईपुढे सरकवलं. "तूही आई आहेस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कागद नको. तू पाठ कर."

आणि तिनं मला पाठ करायला लावलं. पिठात दही घाल, कोमट पाणी घे. गुडघा बरा आहे. समोरच्या घरातली म्हातारी गेली. नातीला सांग, उंच झालीस तर वाकून चालू नकोस. मी एकेक वाक्य म्हणून दाखवत होते, चुकलं की ती परत म्हणायला लावत होती. तिसऱ्या खेपेला आईच मला आठवण करून देऊ लागली. "दह्याचं राहिलं," ती म्हणाली.

जानेवारीत दोह्याला परतल्यावर मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर बसून सगळं म्हणून दाखवलं. आजीचं हिंदी मी इंग्रजीत सांगत होते आणि मैत्रीण त्याचं अरबी करत होती. तिची आई रडली नाही. तिनं मला एकेक वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि शेवटी विचारलं, "बोलताना धाप लागत होती का तिला?" मी खरं सांगितलं. थोडी लागत होती.

पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात, करोना येईपर्यंत, मी असे पाच-सहा निरोप नेले-आणले, सगळे तोंडी. आई दर वेळी विमानतळावर मला घ्यायला यायची आणि गाडीत बसल्याबसल्या विचारायची, "बॅगेत काही नाही ना?" नाही म्हटल्यावर गाडी सुरू करायची, आणि मग स्वतःच आजीच्या वस्तीकडे वळवायची.

२०२१च्या जानेवारीत तडजोड झाली आणि सीमा उघडल्या. करोनामुळे माझे वर्ग ऑनलाइन होते, मी घरीच होते. काही आठवड्यांनी मैत्रिणीचा फोन आला. ती, तिची आई आणि धाकटा भाऊ गाडीनं सौदीमार्गे शारजाला पोचले होते. भाऊ आजीला पहिल्यांदाच बघत होता. तो सोनेरी बुरख्याला घाबरून आईच्या मागे लपला. मग आजीनं बुरखा काढून बाजूला ठेवला तेव्हा पुढे आला. मैत्रिणीनंही आजीचा उघडा चेहरा फार वर्षांनी पाहिला. "तिच्या गालावर तीळ आहे," ती मला म्हणाली, "मी विसरूनच गेले होते."

आजी त्यानंतर दीड वर्ष होती. शेवटचे अठरा दिवस तिची मुलगी तिच्याजवळ राहिली आणि कोणाला विचारावं लागलं नाही. आई आणि मी मातीला गेलो नाही, आपल्याकडच्यासारख्या तिथेही बायका जात नाहीत. दुखवट्याच्या तीन दिवसांच्या बैठकीला मात्र गेलो. मैत्रिणीच्या आईनं माझ्या आईला शेजारी बसवून घेतलं आणि तिला हिंदी, आईला अरबी येत नसलं तरी दोघी बैठक उठेपर्यंत तशाच बसून राहिल्या.