हेल्मेटवरचे नऊ ओरखडे

लिओ गोरेकी आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. त्याआधी सव्वीस वर्षं तो इथे टोलेडोतच गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात होता. दारावरचा ओरखडा बघून धडकलेली गाडी कुठल्या रंगाची होती, कुठून आली, हे तो सांगायचा. आमच्याकडे त्याच्या ताब्यात हेल्मेटं, पॅड आणि कपडे आले. रविवारी सामना झाला की सोमवारी सकाळी त्याच्यापुढे हेल्मेटांची रांग लागायची. त्यांच्यावर समोरच्या संघाच्या हेल्मेटांचा रंग घासलेला असायचा. लिओ थिनरच्या फडक्याने तो पुसायचा.

मी शेजारच्या खोलीत सामन्यांची फिल्म कापतो आणि खेळाडूंचे वेग मोजतो. ट्रेव्हन मॅब्रीचे आकडे मला पाठ होते. ट्रेव्हन आमचा क्वार्टरबॅक. चेंडू फेकणं हे त्याचं काम, पण फेकायला कुणी मोकळं दिसलं नाही की तो स्वतःच चेंडू घेऊन सुटायचा. लोक त्यासाठीच तिकीट काढायचे. चोविसाव्या वर्षी त्याला कुणी गाठू शकत नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी तो अर्ध्या पावलाने मंदावला, आणि पूर्वी ज्यांच्या हाती लागत नसे ते आता त्याच्यावर पुऱ्या ताकदीने धडकू लागले.

अशा वेळी क्वार्टरबॅकने पाय पुढे करून जमिनीवर घसरायचं असतं. तो घसरला की खेळ तिथेच थांबतो आणि त्याला कुणी धडकायचं नसतं. ट्रेव्हनला नियम ठाऊक होता, पण घसरणं म्हणजे त्याला शेपूट घालणं वाटायचं. त्याची मुलगी तीन वर्षांची होती. "तिला आठवेल एवढी मोठी होईस्तोवर खेळायचंय," असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्या मोसमात लिओने ट्रेव्हनचं हेल्मेट पुसणं बंद केलं.

"आळशी झालास का रे म्हातारबा?" दुसऱ्या आठवड्यात ट्रेव्हनने विचारलं.

"बोटं दुखतात."

"मग राहू दे. शाळेत चांगलं खेळलं की कोच हेल्मेटवर स्टिकर लावायचे. हे तसंच."

झालं. बाकीचेही म्हणू लागले, आमचीही पुसू नकोस. ओरखडे मोजून ट्रेव्हन सावध होईल, हा लिओचा डाव त्याच्यावरच उलटला.

चौथ्या सामन्यानंतर तो हेल्मेट घेऊन माझ्या खोलीत आला. वर अकरा ओरखडे होते. प्रत्येकावर बोट ठेवून तो आधी धडक कुठून आली ते सांगायचा, मग मी फिल्ममध्ये ती शोधायचो. तो एकदाच चुकला.

मंगळवारी ट्रेव्हन हेल्मेट न्यायला आला. लिओने त्याच्यासमोर दोन ओरखडे पुसले.

"हे दोन तू चेंडू फेकताना बसले. ते धंद्यातच येतात."

"आणि बाकीचे नऊ?"

"नऊही वेळा घसरायला जागा होती. याने फिल्म दाखवलीय मला."

ट्रेव्हनने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"घाबरून खेळू म्हणतोस?"

"गॅरेजात आमचं एक गिऱ्हाईक होतं, पोरा. दर वेळी चूक समोरच्याची असायची. भंगारात मात्र त्याचीच गाडी गेली."

ट्रेव्हन हसला. हेल्मेट फिरवून त्याने मागचा नारिंगी पट्टा नखाने खरवडला. "हा कधीचा?"

"तुला नाही आठवत?"

"नाही."

"दोन आठवड्यांपूर्वीचा," मी म्हटलं. "त्या धडकेनंतरही तू त्याच सामन्यात आणखी तीन डाव खेळलास."

त्याने पट्ट्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हेल्मेट काखेत मारून निघून गेला.

पुढच्या रविवारी शेवटच्या मिनिटांत चेंडू आमच्याकडे टिकवायला आम्हाला आणखी दोन यार्ड पुढे जायला हवं होतं. ट्रेव्हन चेंडू घेऊन सुटला. समोरून आडदांड बचावपटू येताना दिसला आणि एक यार्ड बाकी असतानाच तो घसरला. आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो.

सोमवारी त्याच्या हेल्मेटवर एकच नवा ओरखडा होता. लिओने जुने-नवे सगळेच पुसून टाकले. मग ट्रेव्हनची पँट उलगडली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत गवताचा हिरवागार पट्टा उमटला होता.

"रंग निघतो," लिओ कुरकुरला, "गवत काही निघत नाही." आणि साबणाची वडी घेऊन घासायला बसला.