ॲपमधली भरती आणि चिखलातले आम्ही

परवा कोकणातून सोलापूरला परत आलो. अंग अजून ठणकतंय. काल ऑफिसात खुर्चीवर बसल्याबसल्या डोळा लागला... उघडला तर समोर साहेब. काय सांगणार? 'खाडीत अडकलो होतो' हे सात रस्ता चौकातल्या ऑफिसात कुणाला खरं वाटणार आहे!

तर झालं असं. माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, रिटायर झाल्यावर शिडाच्या होडीचं वेड लागलं. उजनी धरणाच्या पाण्यावर शिकले, मग दोन माणसांची जुनी होडी घेतली. धरणात मन रमेना, म्हणून आता ती कोकणात एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात ठेवलीय.

आक्काला पाण्याची भयंकर भीती. ती मला म्हणाली, "त्यास्नी एकटं सोडू नगं. शुगरचं माणूस हाय." त्यामुळे दर खेपेला सोबतीला मी.

शनिवारी सकाळी भरतीबरोबर खाडीत आत शिरलो. दाजींच्या मोबाईलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप आहे. त्यातली निळी रेघ बघून ते सगळं ठरवतात. जेवायच्या वेळेला परत, असा अंदाज... म्हणून डबा गाडीतच ठेवला.

माघारी फिरलो तेव्हा ओहोटी लागली होती. ॲपच्या मते अजून भरपूर पाणी होतं. पण पावसाळ्यात गाळ वाहून येऊन खाडीच्या मधोमध एक उंचवटा तयार झाला होता... तो ॲपला कुठून ठाऊक असणार? होडी खरवडत थांबली. वल्ह्याने ढकलेपर्यंत पाणी आणखी उतरलं आणि होडी एका कुशीवर कलंडली, ती तशीच बसली.

ढकलायला म्हणून मी खाली उतरलो, तर मांडीपर्यंत आत गेलो. दाजींनी लाइफ जॅकेटला धरून कसंबसं वर ओढलं. काठ समोर दिसत होता. माडाखाली वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते... पण मध्ये नुसता चिखल.

होडी सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पाणी चढल्याशिवाय कुणाचीच होडी तिथवर येणार नाही.

"दीड वाजता पाणी उलटं फिरतंय असं दाखवतंय," दाजी म्हणाले. "बसा की निवांत, पाव्हणं."

दीड वाजून गेला. पाणी आपलं उतरतच होतं. ॲपमध्ये मात्र रेघ वर चढायला लागलेली. आम्ही दोघं एकदा फोनकडे बघायचो, एकदा चिखलाकडे...

शेवटी मी त्या ॲपमधलं बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. वेळा होत्या किनाऱ्यावरच्या बंदराच्या. आम्ही खाडीत खूप आत होतो, तिथे पाणी उशिरा पोचतं. शिवाय वाऱ्याने, हवेच्या दाबाने फरक पडू शकतो, असंही लिहिलेलं. म्हणजे ॲप खोटं बोलत नव्हतं. ते दुसऱ्या जागेबद्दल खरं सांगत होतं.

"वाचलं होतं की मी," दाजी हळूच म्हणाले. "पण एवढा फरक पडंल असं वाटलं न्हाय."

मग त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. ऊन असून कपाळावर गार घाम, हात थरथरत होते. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. "काय न्हाय, ऊन लागलंय," म्हणत राहिले. मी होडीत सापडेल ते उलथंपालथं केलं... पाण्याच्या बाटल्या सोडून काही नव्हतं. माझ्या बॅगेत नुसते कपडे, म्हणून ती उघडलीच नाही.

तेवढ्यात आक्काचा फोन. "जेवलासा का?"

"बसलोय अजून होडीत. जरा उशीर होईल."

"त्यांच्याकडं दे."

मी स्पीकर लावून फोन पुढे धरला. दाजींनी नुसतं "हं" केलं. तिला तेवढं पुरलं.

"तुज्या बॅगेत बघ," ती मला म्हणाली. "खाली टॉवेलात चिक्की गुंडाळून ठेवलीया."

"माझ्या बॅगेत?"

"त्यांच्या बॅगेत ठेवली असती तर वाटंत टेंभुर्णी गाव यायच्या आत संपली असती की. आदी दे, मग बोल."

सापडली. बारीक तुकडे करून भरवली, वर पाणी पाजलं. फोन चालूच होता, पण पलीकडून आवाज नाही... ती ऐकत बसली होती. थोड्या वेळाने दाजींच्या तोंडावर रंग आला. "आता बरे आहेत," मी सांगितलं, तेव्हाच तिने फोन ठेवला.

पाणी आलं ते त्याच्या वेळेने. आधी चिखलात बुडबुडे, मग पातळसा थर... होडी हळूहळू सरळ झाली. धक्क्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या घरी आलो तर आक्काने आधी जेवायला वाढलं. आता तोफ सुटणार म्हणून मी मान खाली घालून भाकरी मोडत होतो. दाजीच म्हणाले, "होडी विकून टाकतो."

"विकू नगा. पुढच्या टायमाला मी बी येते."

"तुला पाण्याचं भ्या वाटतंय."

"वाटतंय की. हितं बसून बी वाटतंच. हितं फोनची वाट बघत बसण्यापरास तितं चिखलात बसलेलं बरं."



होडीत जागा दोघांचीच, म्हणजे मी सुटलो. पण सुटल्यासारखं काही वाटत नाहीये... आक्का, हे वाचलंस की फोन कर. रविवारपासून टँकवर पोहायला जायचंय. मी शिकवतो.