तस्नीमच्या वॉर्डात पेशंट म्हणून

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारला, तोही तसाच. मग ते म्हणाले, "गुलेन बॅरी सिंड्रोम वाटतोय. टेस्ट करून खात्री करू." आपली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, तो हा आजार.

जेद्दातल्या याच हॉस्पिटलात मी नर्स आहे. पण डॉक्टर हे सगळं सांगत होते तस्नीमला, आणि माझं लक्ष आजारापेक्षा तिकडेच जास्त होतं.

तस्नीम माझ्या खालाची, म्हणजे मावशीची मुलगी, माझ्याहून धाकटी. आम्ही दोघी रत्नागिरीकडच्या. बारावीनंतर घरी लवकर हातभार लागावा म्हणून मी नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला. तिने चार वर्षांची बी.एस्सी. केली. सौदीत मी तिच्या आधी आले, पण डिप्लोमामुळे कागदोपत्री मी टेक्निशियन आणि डिग्रीमुळे ती स्पेशालिस्ट. आता ती न्यूरो वॉर्डची इन्चार्ज होती आणि मी तिच्याच वॉर्डात खाटेवर.

सुरुवात साधी होती. पोट बिघडलं आणि बरं झालं. पुढे तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, मग त्या पोटऱ्यांपर्यंत चढल्या. मी ड्युटीच्या बुटांना दोष दिला. एका सकाळी जिना चढताना पाय उचलेना. तुमच्या मुंग्या अशा वर सरकत असतील तर घरी थांबू नका. नर्स असून मी थांबले होते.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. मग आयव्हीआयजी सुरू केलं. रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज सलाइनसारख्या शिरेतून देतात, ते हे औषध.

पडल्या पडल्या मी तस्नीमलाच बघत असायचे. फिलिपिनो नर्सा तिला विचारून डोस लावत. माझे मिस्टर इक्बाल शराफिया भागातलं दुकान बंद करून येत, मला सलाम करत आणि रिपोर्ट तिला विचारत. माझी मुलगी इनाया बारावीला, इंडियन स्कूलमध्ये. तिचा डबाही दुपारी तस्नीमच्याच केबिनमध्ये उघडायचा. मला गिळवत नव्हतं आणि त्यांचं हसणं ऐकू यायचं. आपल्याला पुसणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या माणसाचा इतका राग येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ती खाटेशी येऊन म्हणाली, "आपा, एका श्वासात जमेल तितकं मोज."

"काल मोजलं की."

"पुन्हा मोज."

काल जिथवर गेले होते, त्याच्या अर्ध्यावर श्वास संपला. तिचा चेहरा बदलला नाही. तिने तिथूनच आयसीयूच्या डॉक्टरांना फोन लावला आणि इंग्रजीत म्हणाली, "आत्ता या. वाट बघू नका."

श्वासाचे स्नायू थकत चालले होते. आयसीयूत हलवलं, पण व्हेंटिलेटर लागला नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, "वेळेत कळलं."

वॉर्डात परतल्यावर इनाया म्हणाली, "मम्मी, मैं नर्सिंग करूँगी. डिप्लोमा. जल्दी जॉब लगेगी. आपके जैसा."

काय सांगू, किती बरं वाटलं. तिने मला निवडलं होतं, तस्नीमला नाही. तस्नीम सलाइनची नळी नीट करत होती. ती फक्त म्हणाली, "आपा, तू सांग तिला. मी बोलणार नाही."

मला हो म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तस्नीमने आयसीयूला लावलेला तो फोन आठवला. एका श्वासात मोजायला मीही लावलं असतं, डिप्लोमातही ते शिकवतात. पण आमच्याकडे टेक्निशियनने आधी इन्चार्जला शोधायचं, मग इन्चार्जने डॉक्टरला फोन करायचा. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

"डिग्री कर," मी म्हणाले. "एक वर्ष जास्त जाईल, जाऊ दे. घरचं आम्ही बघू."

"पर आपने तो..."

"मी केलं ते ठीकच होतं. तू डिग्री कर."

तस्नीम बराच वेळ नळीच नीट करत राहिली.

पाय पुन्हा चालते व्हायला महिने लागले. वॉकर, फिजिओथेरपी, भिंतीचा आधार. ज्यांना हे दुखणं आलंय त्यांना सांगते, ताकद हळूहळू येते, बहुतेकांची येते. मी आता ओपीडीत बसून ड्युटी करते. इनायाला पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला.

परवा तस्नीमला जेवायला बोलावलं. आभार मानायचे होते, पण मानता आले नाहीत. तांदळाच्या भाकऱ्या केल्या. त्या चालू असताना इनायाचा व्हिडिओ कॉल आला, तस्नीमच्या फोनवर. अॅनाटॉमीचं काहीतरी अडलं होतं. तस्नीम अवघडली आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आपा, तू बोल."

कॉल तिला आला, मला नाही, ही सल नेहमीचीच. ती बहुधा कायम राहणार आहे.

"तूच समजावून सांग," मी म्हणाले, "नीट सांग हां. माझी भाकरी करपतेय."