तुतिकोरीनचं प्रवाळ आणि माझे दोन टब

हिंगोलीच्या कॉलेजात मी वीस वर्षं प्रवाळ शिकवलं, समुद्र न पाहता. त्यामुळे आमची जुनी विद्यार्थिनी सुनीता राठोड हिचा फोन आला, "सर, महाशिवरात्रीला जोडून रजा टाका अन् या," तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. सुनीता डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची. आता तुतिकोरीनला मेलेल्या प्रवाळावर नवं लावण्याचं काम करते.

एस.टी.ने नांदेड, तिथून सिकंदराबाद, चेन्नई, तुतिकोरीन. तीन दिवस धरा आणि धपाटे दोन दिवसांपुरतेच बांधा. तिसऱ्या दिवशीचे मी हट्टाने खाल्ले आणि भोगले. बंदराजवळच्या लॉजवर खोली स्वस्त मिळते. बेटांकडे जायला आधी परवानगी काढावी लागते, ती सुनीताने काढली होती.

पहाटेच होडीत बसलो, कारण दुपारी वारा सुटतो. सुनीताने समजावलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपासमारीने मरतं. पण मागच्या उन्हाळ्यात काही वसाहतींचा रंग गेलाच नव्हता. त्यांचे तुकडे होडीतल्या लाल टबात. पांढऱ्या पडून कशाबशा सावरलेल्यांचे निळ्यात. दोन्ही सिमेंटच्या चौकटींवर बांधून शेजारी शेजारी लावायचे, मग येत्या उन्हाळ्यात कोण टिकतं ते बघायचं.

"तुमी फक्त टबात पानी ओतत राहा, सर. खाली उतरू नका."

"काहून? मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आहे!"

"व्हय, पण पोहता येत न्हाई तुमाला."

ती आणि तिचे दोन सहकारी बुडी मारून गेले. मी ओतत राहिलो. मग होडी डुलली, प्राध्यापकांनी होडीच्या काठावरून समुद्राला धपाटे अर्पण केले आणि त्या गडबडीत माझा पाय लागून लाल टब कलंडला. तुकडे सुकू नयेत म्हणून मी घाईघाईने वेचले आणि पाणी दिसलं त्या, म्हणजे निळ्या टबात टाकले. नावाडी "अय्यो, अय्यो" करत होता. मला तमिळ येत नाही, पण हे कळलं.

सगळे तुकडे सारखेच दिसत होते. क्षणभर मनात आलं, अर्धे इकडे, अर्धे तिकडे करावेत. कोणाला कळणार?

सुनीता वर आली. "सर, काय झालं? घाबरून राहिले तुमी?"

मी सांगितलं. ती बराच वेळ ओल्या केसांतलं पाणी पिळत राहिली. डोळे लाल होते. खारं पाणी असेल.

"महिनाभर एकेका वसाहतीवर निशाण्या करून फिरले होते मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलं. न्हाई तर येत्या उन्हाळ्यात जे दिसलं ते समदं खरं मानलं असतं."

ते तुकडे वेगळ्या चौकटीवर लावले, प्रयोगाबाहेर. नवे आणायला तिला आणखी दोन दिवस लागले. मी रजा वाढवली आणि किनाऱ्यावर बसून चौकटींना तार बांधली. माझ्या गाठी ती गुपचूप पुन्हा बांधत होती, हे मी पाहिलं.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, समुद्र कसा होता? मी म्हटलं, मोठा. दुसरं काय सांगणार?

पण एक बदल झाला. प्रॅक्टिकलच्या वहीत कोणी "माझ्याकडून गल्लत झाली" असं लिहिलं, की पूर्वी मी लाल रेघ मारून पुढे जायचो. आता थांबून वाचतो. गेल्या आठवड्यात तिघांनी लिहिलं. दोघांची गल्लत खरी होती. तिसऱ्याने मला खूश करायला केली होती.