एका जुडीत बांधलेल्या तारा

माझ्या मित्राचं वायरिंग बघायला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शेजारच्या गाळ्यांतली माणसं मुद्दाम यायची. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं भागीदारीत कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारी पॅनल बनवायचो. सगळ्या तारा सरळ ओढून, दोऱ्यानं आवळून तो अशी जुडी बांधायचा की मेथीवालीनंही मान डोलवावी. एखादी तार सुटी दिसली तर त्याला जेवण गोड लागायचं नाही. मलाही त्या जुडीचा केवढा अभिमान!

पहिलं मोठं पॅनल त्याच्या मामांसाठी केलं. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. वडील लवकर गेलेले, मामांनीच त्याला शिकवलं, आणि दर हंगामात तो हक्कानं तिकडे राहायला जायचा. भाच्याचं पॅनल येतंय म्हणून त्यांनी चांगलं चालणारं जुनं काढून ठेवलं.

चाचणी शनिवारी घेतली. अंबडला शनिवारी सुट्टी, आजूबाजूची यंत्रं बंद, काम निवांत व्हायचं. गाळ्यात कॉम्प्रेसर कुठून आणणार? त्याच्या जागी शंभरचा बल्ब लावला. तो शहाण्यासारखा लागला, विझला. आम्ही मिसळ खाऊन पॅनल टेम्पोत चढवलं.

तिथे मात्र कॉम्प्रेसर सुरू झाला की तापमानाचा आकडा झपकन खाली यायचा, आणि खोली गार झाली समजून पॅनल कॉम्प्रेसरच बंद करायचं. आम्ही बोर्ड बदलून पाहिला, काही फरक नाही. तोवर एका खोलीतली द्राक्षं मऊ पडली.

मामा रागावले नाहीत. "ऱ्हाऊ दे, तुमी पोरं शिकताय अजून," म्हणाले आणि जुनं पॅनल परत बसवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मित्र त्यानंतर वर्षानुवर्षं पिंपळगावला गेला नाही. पुण्याला नोकरी धरली. हा विषय काढला की फोन ठेवायचा.

पुढे दोन हजार सालानंतर कुठे मला खरं कारण उमगलं. तेव्हापासून नव्या पॅनलचं चित्र काढलं की आधी रंगीत पेन्सिली घेतो. कॉम्प्रेसर सुरू होताना विजेचा झटका देणाऱ्या तारा लाल (बल्ब तसा झटका देत नाही), तापमान मोजणाऱ्या नाजूक तारा निळ्या. लाल-निळ्या एका जुडीत शेजारी आल्या की झटका निळीत उतरून आकडा चुकणार, हे पॅनल बनण्याआधीच कागदावर दिसतं.

एका लग्नासाठी मित्र नाशिकला आला, तेव्हा असाच कागद टेबलावर होता. हे रंग कसले, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं एका निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मामांच्या दहाव्याला गेलो होतो," तो म्हणाला. "आपलं पॅनल अजून तिथंच आहे, वर पोतं झाकून. मामी म्हणाली, कुणाला हलवू द्यायचे नाहीत. भाचा येऊन नीट करील, म्हणायचे."

मला फार वाईट वाटलं. तापमानाची एक तार जुडीतून बाजूला काढायची होती, बस.