बघणाऱ्याचं काम

"या शाळेतून सतराचा पाढा चोरीला गेलाय. तपासाला आलोय," असं म्हणत एक फौजदार फाटकातून आत आला. दुपारची खिचडी नुकतीच उरकली होती, लेकरं नळावर ताटल्या धुत होती. फौजदाराच्या अंगावर खाकी वर्दी, डोक्याला टोपी, झुपकेदार मिशी, बगलेत छडी आणि हातात शिक्के मारलेला भलामोठा कागद. लेकरं खुदखुदायला लागली. मी हसले नाही. मी त्याच्या पायांकडे बघितलं. पायात रबरी चप्पल होती.

चपलेतला फौजदार म्हणजे खोटा फौजदार. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

औंढ्याहून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात मी मुख्याध्यापिका होते. तिथं बदली होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घर हिंगोलीला. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. याला आमच्या खात्यात अपडाऊन म्हणतात. अपडाऊनवाल्या माणसाला शाळेतली लेकरं पाठ होतात, गाव मात्र पाठ होत नाही. मला तर ते करावंसंही वाटलं नव्हतं. आता रिटायर होऊन बसल्यावर कळतंय.

त्याच्या आदल्या शनिवारचं आधी सांगायला हवं. शनिवारी मी पाचवी-सहावीच्या लेकरांना घेऊन टीव्हीवर वेबसाइट बघायचा उपक्रम चालवत होते. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, शाळेचा टीव्ही. त्या महिन्याचा विषय होता प्रयोगकला, म्हणजे नाच, गाणं, नाटक, सोंग. जे लोकांसमोर करून दाखवायचं असतं ते. नुसतं बघून लेकरांच्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून मी प्रत्येकाला एक चिठ्ठी भरायला द्यायचे. चिठ्ठीत तीन प्रश्न. कोण करतं? कुठे करतं? आणि बघणाऱ्याचं काम काय? तिसऱ्या प्रश्नाचा मला फार अभिमान होता. टाळ्या कधी वाजवायच्या, गप्प कधी बसायचं, हे प्रत्येक कलेत वेगळं असतं, हे लेकरांना कळावं असा त्यामागचा विचार.

आम्ही पार परदेशापर्यंत जाऊन आलो. एका गाण्याच्या नाटकात एक बाई उंच आवाजात गात होती, तर पोरांनी विचारलं, ती बाई काहून रडून राहिली. मग आपल्याकडच्या लोककलांची एक साइट उघडली. त्यात बहुरूप्याचं पान होतं. एक फोटो आणि चार ओळी, त्यातली शेवटची, "ही कला आता लुप्त होत आहे." सहावीतली समीक्षा उठून उभी राहिली. हुशार पोरगी, पण तोंडाची फटकळ. म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात येतेत की. आमी रायरंद म्हणतो त्यांना. सोयाबीन निघालं की येतेत."

मी "हो का" म्हटलं आणि पुढचं पान उघडलं. नेटची रेंज जात होती आणि मला अजून फोटो काढून रिपोर्ट पाठवायचा होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. लेकरू कळसा दाखवत होतं आणि मी वळशाचे फोटो काढत होते.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता. लेकरं पळवणारी टोळी आली आहे, वेश बदलून फिरते आहे. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, यांनीही ग्रुपवर टाकलं, "अनोळखी व्यक्तीस आवारात प्रवेश देऊ नये. जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील." शेवटचं वाक्य वाचलं की मुख्याध्यापकाची झोप उडते. माझीही उडाली होती.

आणि मंगळवारी हा फौजदार आला. पाढा चोरणारे सापडले नाहीत, तर दोन लेकरं चौकीवर घेऊन जावी लागतील, असं त्यानं दरडावून सांगितलं. लेकरं खिदळत एकमेकांच्या मागे लपली. मला त्यातलं फक्त 'लेकरं घेऊन जावी लागतील' एवढंच ऐकू आलं.

मी सगळ्यांना वर्गात पिटाळलं, बाहेरून कडी घातली. त्याला आधार कार्ड मागितलं. फौजदाराला आधार मागणारी बाई पहिल्यांदाच पाहिली, असं तो ऐटीत म्हणाला. तेवढ्यात खिडकीतून समीक्षा ओरडली.

"मॅडम, त्यो रायरंद हाय! तुमी नुसतं भ्यायचं. तुमचं काम तेवढंच हाय."

माझाच तिसरा प्रश्न ती मला सोडवून दाखवत होती. मी तिला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

मग मी पोलीस पाटलांना फोन केला. हे गावातलेच, पोलिसांना गावची खबर देणारे सरकारनं नेमलेले गृहस्थ. ते हिंगोलीच्या मार्केटला हळद घालून परत येत होते, पोचतोच म्हणाले. माझा चढलेला आवाज फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यावरची चार-पाच तरणी पोरं आत आली. ती शेजारच्या गावची, टमटमची वाट बघत उभी होती. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. दुसऱ्यानं त्या माणसाची गचांडी धरली आणि म्हणाला, "वर्दी काढ."

आता त्या माणसाचा आवाज बदलला. फौजदाराचा आवाज गेला आणि साठीतल्या, थकलेल्या माणसाचा आला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, म्या रायरंद हाय. बापापासून येतो या गावात. वर्दी इथं नका काढाया लावू. गावाबाहेर नेऊन काढा, पण लेकरांपुढं नका."

मी 'थांबा' म्हणू शकले असते. पायरीवरून एक शब्द टाकला असता तर पोरं थांबली असती, शाळेत बाईंचा शब्द चालतो. मी म्हटलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडत होते.

त्यानं टोपी काढली. पट्टा काढला. शर्टाची बटणं काढली. आत विटकं बनियन. शेवटी एका पोरानं मिशी ओढली, ती हातात आली. खिडक्यांच्या फटीतून सगळी शाळा बघत होती आणि आता कोणी हसत नव्हतं.

पोलीस पाटील आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "अहो मॅडम, हे तर दर साली येतेत. आधीचे गुरुजी वर्गात बोलवायचे यांना." पोरं मोबाइल खिशात घालून सटकली. त्या माणसाला कोणी मारलं नव्हतं. म्हणून पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत राहिले, की तसं काही झालं नाही.

मी त्याला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. बैल गेला आणि झोपा केला. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण बाहेर पडला तो नियम. वरून आदेश आहेत, काळ वाईट आहे, असलं काहीतरी. तो वर्दीची घडी घालत ऐकत होता. मग त्यानं त्याच्या धंद्याची रीत सांगितली. एका गावात आठ दिवस, रोज नवं सोंग. सोंग चढवायचं शिवेबाहेर आणि उतरवायचंही शिवेबाहेर. नवव्या दिवशी साध्या कपड्यात यायचं आणि घरोघर धान्य मागायचं. आठ दिवस ज्याला भ्यालो तो हाच का, म्हणून लोक हसतात आणि सुपानं घालतात.

"औंदा पहिल्याच दिशी उतरलं, बाई. आता लेकरं काहून भेतेन? अन् मागाया कोणत्या तोंडानं यावं?"

चहा तसाच राहिला. तो फाटकातून गेला तेव्हा वर्दी पिशवीत होती. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. आधार कार्ड मात्र विचारलं होतं.

केंद्रप्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही नियमानं केलं. व्हिडिओ तेवढा बाहेर जाऊ देऊ नका." आणि फोन ठेवता ठेवता शनिवारच्या रिपोर्टबद्दल शाबासकी दिली. त्या रिपोर्टात मी लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना बहुरूपी या कलेचा जवळून परिचय झाला.

उरलेले सात दिवस लेकरं फाटकाकडे बघत होती. डॉक्टर येणार होता, जटाधारी बुवा येणार होता, त्यांना क्रम पाठ होता. कोणी आलं नाही. मी पोलीस पाटलांना घेऊन त्याची पालं शोधायला नरसीच्या रस्त्याला गेले. तिथल्या एका बाईनं सांगितलं, त्यो दुसऱ्या मुलखात ऊस तोडायला गेला, सोंगांची पेटी इथंच ठेवून. पुढच्या साली सोयाबीन निघालं, तरी तो गावात आला नाही.

त्या वर्षी नव्या पाचवीला मी तेच पान उघडून दाखवलं. शेवटची ओळ वाचून एका लेकरानं विचारलं, ही कला काहून लुप्त होऊन राहिली, मॅडम? समीक्षा तेव्हा सातवीत होती, टीव्हीची वायर धरून उभी होती. एरवी तिनंच उत्तर दिलं असतं. ती वायरीचा पीळ सोडवायला लागली. मग मीच उत्तर दिलं, जे झालं ते सगळं, वर्दीसकट. साइटवर ती चार ओळींची माहिती आहे. पाचवी ओळ मला माहीत होती.

माझ्यानंतर आलेल्या सरांना मी चार्ज देताना एवढंच सांगितलं, की फाटकाशी कोणी आलं तर फोन करा, जरूर करा, पण आधी गावातल्या एखाद्या लेकराला विचारा.

जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी घरी आणलाय. त्यात समीक्षाची त्या शनिवारची चिठ्ठी आहे. बघणाऱ्याचं काम काय, यापुढे तिनं लिहिलंय, "आधी भ्यायचं. मग हसायचं. मग पसाभर जवारी द्यायची."

यातलं पहिलं तेवढं मी केलं.