माझ्याकडे चालतंय

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात रेंजसाठी गच्चीवर चढणारी, रस्त्यात मध्येच गाडी थांबवून उभी राहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. रेंज नसलेली जागा शोधत फिरणारं माणूस मात्र एकच पाहिलं, ते म्हणजे आमच्या बाई. घरात मोबाइलला पूर्ण रेंज असताना त्या पायात चपला सरकवून बाहेर पडायच्या आणि रेंज गेली की समाधानाने कामाला लागायच्या.

बाई आमच्या टीमच्या टेस्टर. मी वेबसाइटचा दर्शनी भाग बनवायचो, म्हणजे लोकांना जे दिसतं आणि जिथे ते बोट लावतात, ते सगळं माझ्या गळ्यात. कंपनी बंगळुरूची, टीम लीड हैदराबादेत, डिझायनर पुण्यात आणि मी मसोलीत आईवडिलांच्या घरी. २०१६ साली घरून काम करतात हे आमच्या गल्लीत कुणालाच पटत नव्हतं. शेजारचे काका रोज फाटकाशी विचारायचे, "काय भाई, आज पण घरीच?" आणि कॉल चालू असताना आई मागून येऊन दळण आणायला सांगायची. अशात तलासरीच्या एक बाई टीममध्ये येणार म्हटल्यावर मला फार बरं वाटलं होतं. एक तरी माणूस आपल्याकडचं. ते बरं वाटणं जेमतेम आठवडाभर टिकलं.

बाई पूर्वी तलासरीत टायपिंगचा क्लास चालवायच्या. क्लास बंद पडला, पण वहीत लाल शेरे मारायची सवय काही सुटली नाही. सापडलेली प्रत्येक चूक, म्हणजे आमच्या बोलीत बग, त्या ठिकाणासकट नोंदवायच्या. वाणगावच्या पुढे, चिकूच्या वाडीत: बटण दाबलं, चक्र फिरतच राहिलं. वरोर, होड्या लावतात तिथे: उन्हात अक्षरं दिसत नाहीत. लीड कॉलवर मला विचारायचा, हे वरोर काय प्रकरण आहे, आणि मी सकाळी सकाळी हैदराबादच्या माणसाला आमचा किनारा समजावत बसायचो. त्या फिकट अक्षरांपायी मला डिझायनरशी चार दिवस भांडावं लागलं. वैतागून मी बाईंना फोन केला आणि विचारलं, भर उन्हात उभं राहून वेबसाइट बघतं कोण? त्या शांतपणे म्हणाल्या, मी बघत होते की.

कंपनीने त्यांना तपासणीसाठी एक भारी मोबाइल पाठवला होता. तो त्यांनी खोक्यातून काढलासुद्धा नाही. मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेल्या स्वतःच्या जुन्या फोनवरच सगळं तपासायच्या. मी नवा वापरा म्हणून सांगून थकलो. नव्यावर सगळंच चांगलं दिसतं, मग मला पगार कशाचा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि फॉर्म भरण्याची त्यांची पद्धत तर अंत बघणारी होती. आम्ही सगळे फॉर्म तपासताना नाव 'अबक', गाव 'अबक' आणि फोन नंबरात एकच आकडा दहा वेळा दाबून मोकळे व्हायचो. बाई शाळा-कॉलेजच्या फॉर्मात एखाद्या मुलीचं नाव, वडिलांचं, आईचं, पाडा, पोस्ट, तालुका, दहावीचे विषयवार गुण असं सगळं एका बोटाने टाइप करायच्या. एका फॉर्मला अर्धा तास. मी चिडलो की म्हणायच्या, "अरे, अबक नावाची मुलगी फॉर्म भरायला येत नाही."

त्यातच एका संस्थेचं काम आलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज, चार पानी. बाईंनी पहिल्याच दिवशी बग नोंदवला. उधव्याच्या रस्त्याला, वडाखाली: तिसऱ्या पानावर रेंज गेली, परत आली तेव्हा चारही पानं कोरी. हे सुधारायचं तर भरलेली माहिती फोनवरच जपून ठेवण्याची सोय करावी लागणार होती. माझं दोन दिवसांचं काम, आणि साइट सुरू व्हायला उरले होते तीन. शिवाय डिझायनरने बटणांचा रंग पाचव्यांदा बदलला होता. मी बगखाली आमचं नेहमीचं वाक्य लिहिलं, माझ्याकडे चालतंय, आणि तो बंद केला.

टीमची रीतच होती तशी. बनवणाऱ्याने हे वाक्य लिहिलं की बग खोटा ठरायचा आणि टेस्टरच्या नावावर जायचा. महिनाअखेरीला लीड असे खोटे बग मोजायचा. बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुंबईकडची नोकरी त्यांना शक्यच नव्हती. घर सांभाळून, जाऊ घरी आली की दुपारचं बाहेर पडून करता येईल असं हे एकच काम त्यांना मिळालं होतं. हे मला पक्कं माहीत होतं.

बाईंनी तो बग पुन्हा उघडला. मी पुन्हा बंद केला. मग त्यांचा फोन आला. "तुझ्याकडे चालतंय, छान आहे. पण तुझ्याकडे येऊन कोण भरणार आहे हा फॉर्म?" मी कामात आहे म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी मसोलीत लाइट गेली, नेट बंद पडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर फॉर्म कोरा झाला. तिसऱ्या पानावरच. लाइट आल्यावर मी 'अबक, अबक' भरलं आणि पुढे गेलो. माझं गेलं होतं काय, तर सहा अक्षरं. बाईंनी तिसऱ्यांदा उघडलेला बग समोरच होता. मी तो परत बंद केला, तेच वाक्य लिहून.

साइट वेळेवर सुरू झाली. महिनाअखेरीच्या कॉलवर लीडने सांगितलं की बाईंना आपण पुढे ठेवत नाही, त्यांचे फार बग खोटे निघतात. त्यांतले निम्म्याहून जास्त मीच खोटे ठरवलेले. माझा माइक बंद होता. तो चालू करायला एक बटण दाबावं लागतं. मी ते दाबलं नाही, आणि या गोष्टीचा मला आजही स्वतःचा संताप येतो.

वर, बाईंकडचा कंपनीचा मोबाइल परत आणायचं काम जवळचा म्हणून माझ्याकडेच आलं. मी तलासरीला गेलो. बाईंनी चहा टाकला, सासूबाईंची उशी नीट केली आणि मोबाइलचं खोकं आणून माझ्या हातात ठेवलं. वरचं सीलही फुटलेलं नव्हतं. राग, तक्रार, टोमणा, काही नाही. मला ते जास्तच लागत होतं. निघताना दारात त्यांनी विचारलं, "एक सांग, तो वसतिगृहाचा फॉर्म. तुझ्याकडे खरंच चालत होता?"

"हो," मी म्हणालो.

"मग माझ्याच फोनचं काहीतरी असेल," त्या म्हणाल्या आणि हातातल्या त्या रबरबँडच्या फोनकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी त्या फोनवर कधी शंका घेतली नव्हती.

घरी येऊन मी तो बग उघडला. माझ्या तीन वाक्यांखाली लिहिलं, माझ्याकडेही फॉर्म कोरा झाला होता, बाईंचं बरोबर होतं. आणि त्यांच्या पद्धतीने ठिकाण लिहिलं: मसोली, पुढची खोली. मग कामाला बसलो. दोन दिवसही लागले नाहीत. लीडने शाबासकीचा अंगठा पाठवला. बाईंना परत बोलवा म्हटलं, तर नवा टेस्टर आलाय म्हणाला. तो फॉर्म भरताना नाव टाकतो 'अबक'.

बगवर काही लिहिलं की ते नोंदवणाऱ्याला आपोआप कळतं. पण बाईंचं खातं बंद झालं होतं, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, आणि माझ्या घरात पूर्ण रेंज असते.